आरशामागची बाटली

बाबा,
आरशामागची छोटी बाटली मी नेलपॉलिश समजून हाताच्या दहाही नखांना फासली. औषधासारखा वास आला म्हणून लेबल वाचलं, तर पायाच्या नखांच्या बुरशीचं औषध! घरातसुद्धा मोजे घालून का बसता, ते आत्ता कळलं. पण बाटलीचं सील मीच तोडलं, म्हणजे तुम्ही एकदाही लावलेलं नाही. कंबर धरते, वाकता येत नाही, हे सांगायला काय झालं होतं?

मी कामावर निघाले. संध्याकाळी पाय बादलीत बुडवून बसा. पुसायचं, नखं घासायचं, औषध लावायचं मी बघते. "राहू दे गं" अजिबात ऐकणार नाही. माझ्या शाळेच्या बुटांच्या नाड्या बांधायला रोज वाकायचात ना? आता मला वाकू द्या.

ठमी