भिंतीअलीकडची पपई

८ जानेवारी
आजपासून रोजनिशी. शास्त्रीय नोंदींसाठी. मन मोकळं करायला नव्हे, माझं मन मुळातच मोकळं आहे.

आमचं आणि साडूभाऊंचं घर जुळं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, मागच्या अंगणात मध्ये छातीएवढी भिंत. आज त्या भिंतीवरून पपईच्या फोडींची बशी आली. फळ साडूभाऊंनी बाजारातून आणलेलं. एक फोड खाऊन ही म्हणाली, भावजींना फळ अगदी बरोबर कळतं. मी मागे आणलेली पपई काकडीसारखी लागली होती, हेही तिला लगेच आठवलं. सासूबाई जानेवारी ते जून आमच्याकडे असतात, पुढचे सहा महिने तिकडे. तोंडात दात नाही, त्यामुळे पपई म्हणजे जीव की प्राण. त्याही म्हणाल्या, जावईबापूंच्या हातालाच गोडी. जावईबापू म्हणजे साडूभाऊ. मी म्हणजे 'धाकटे'.

तोंडातून निघून गेलं, की विकत कोणीही आणतं, डिसेंबरात तुमचा पंच्याऐंशीवा वाढदिवस आहे, त्या दिवशी माझ्या हातच्या झाडाची पपई खायला घालीन. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे तीनदा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा भिंतीपलीकडून साडूभाऊ वा वा म्हणाले.
आता माघार नाही.

९ जानेवारी
फोडींना अकरा बिया चिकटलेल्या होत्या. बशी आमच्याकडे आली, तेव्हा बियाही कायद्याने आमच्या. वरचं बुळबुळीत आवरण चोळून काढलं, सावलीत वाळत घातल्या. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली आहेत. शास्त्राचे मास्तर येत-जात राहिले, परीक्षानळ्या धुणारा मीच होतो. मला कोणी शिकवायची गरज नाही.

१४ जानेवारी
अकरा पिशव्या, अकरा बिया. प्रत्येकीला नंबर. रोज तापमान लिहायचं.

१५ जानेवारी
थर्मामीटर सासूबाईंना लागतो म्हणून हिने काढून घेतला. तापमान अंदाजे.

२ फेब्रुवारी
एकही उगवलं नाही. बी खराब असणार. फळ बरोबर कळतं म्हणे!

५ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
नंबर सात उगवला! पाठोपाठ चार आणि नऊ. बी उत्तम होतं, पण मुख्य म्हणजे जोपासना.
भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात हिला ही बातमी सांगितली. ती शेजारीच उभी होती. म्हणाली, ओरडताय कशाला?

२० मार्च
नंबर चार गेला. सासूबाईंच्या खुर्चीचा पाय नेमका त्याच्यावर. काही बोललो नाही. बोललो असतो तर तीनदा बोलावं लागलं असतं.

राहिले सात आणि नऊ. सात म्हणजे पठ्ठ्या! सरळसोट, जाड खोड, तळव्याएवढी पानं. नऊ मरतुकडं, कंबरेत वाकलेलं. नर्सरीवाल्याला विचारलं (विचारलं म्हणजे सहज, तिकडून चाललो होतो). तो म्हणाला, काका, दोन्ही जवळजवळ लावा, फुलं आल्यावर बघू कोणतं ठेवायचं ते, पपईचं रोपावरून काही सांगता येत नाही. मी म्हटलं, तुला येत नसेल.

२२ मार्च
सात नंबर अंगणात लावला. नऊ फेकणार होतो, तेवढ्यात उदार विचार आला, की साडूभाऊंना द्यावा. दिल्याचं समाधान, शिवाय वर्षभर दोन झाडं शेजारी-शेजारी लोकांना दिसतील. आपोआपच तुलना होईल.

त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. म्हणाले, राव, तुम्ही आठवण ठेवलीत! डोळ्यांत पाणीबिणी. इतका आनंद झाला त्यांना, की माझा निम्मा कमी झाला.

१६ मे
साताची उंची हनुवटीपर्यंत. नवाची, भिंतीवरून टेप सोडून मोजली, गुडघ्याच्या जरा वर. साडूभाऊंनी टेपचं टोक खाली धरलं. कशासाठी मोजतोय ते विचारलंसुद्धा नाही. अशा माणसाशी स्पर्धा करणं अवघड असतं.

१ जुलै
सासूबाई पलीकडे गेल्या. जाताना ट्रंक मी उचलली, आशीर्वाद साडूभाऊंना.

८ जुलै, सकाळी ७
फुलं!! सात नंबरला लांबच लांब देठांवर पांढऱ्या फुलांचे घोसच्या घोस लोंबताहेत, लग्नाच्या हॉलमधल्या झुंबरासारखे. दोनशे बारा मोजली, मग मान अवघडली. पलीकडे खोडाला चिकटून बसकी, जाडजूड चार फुलं. चारच. वाईट वाटलं. (खरंच वाटलं, थोडा वेळ.)

दोनशे बारातली निम्मी गळाली असं धरू. तरी शंभरावर पपया! झाडाला वजन पेलणार नाही. आजच सुताराकडे चार टेकू सांगितले.

११ जुलै
न्हाव्याला दोन पपया कबूल केल्या. शिंप्याला दोन. शाळेच्या शिपायाला तीन, त्याचं कुटुंब मोठं आहे. ही म्हणाली, अहो, आधी एक तरी लागू दे. बायकांना मोठा विचार करता येत नाही.

३० जुलै
फुलं गळताहेत. हे नैसर्गिक आहे. झाड फुलं निवडून ठेवतं.

१४ ऑगस्ट
सगळीच निवडली गेली. नवीन घोस आले आहेत, तेही गळताहेत. पाणी जास्त झालं असावं.

१७ ऑगस्ट
पाणी कमी झालं असावं.

२६ ऑगस्ट
पलीकडच्या मरतुकड्याला सहा फळं. लिंबाएवढी आहेत, पण आहेत. ही भिंतीशी उभी राहून बहिणीला म्हणत होती, अगं, भावजींच्या हाताला यश आहे. रोप माझं, बी माझं, पिशवीवरचा नंबरसुद्धा माझ्या अक्षरात. पण यश भावजींच्या हाताला!
जेवलो नाही. नंतर जेवलो.

३ सप्टेंबर
शोध लागला. भिंतीचा पाया उथळ आहे. माझ्या झाडाचा सगळा कस मुळांवाटे खालून पलीकडे जातो आहे. फुलं इकडे आणि फळं तिकडे, याचा दुसरा अर्थच लागत नाही. उद्या भिंतीलगत दोन फूट चर खणून पत्रा पुरणार. हिला समजावून सांगितलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. बहुधा खोकला असावा.

४ सप्टेंबर
सहा इंच खणलं. कंबर धरली.

५ सप्टेंबर
आडवा आहे. साडूभाऊ येऊन बाम लावून गेले. त्यांनी चर पाहिला. म्हणाले, राव, मला हाक मारायची, उरलेला मी खणून देतो. आणि दिला. पत्राही त्यांनीच पुरला. कशासाठी, ते विचारलं नाही.
बाम चांगला होता. कोणता, ते मीही विचारलं नाही.

२९ सप्टेंबर
पत्रा पुरूनही पलीकडे अकरा फळं, माझ्याकडे शून्य. आता नर्सरीवाल्याला घरी बोलावलं. त्याने फाटकातूनच वर पाहिलं. म्हणाला, काका, हा नर आहे.
मी म्हटलं, म्हणजे?
म्हणजे याला नुसतीच फुलं. फळं मादीला धरतात.
काही औषध? तो हसला. मग भिंतीपलीकडे डोकावला आणि म्हणाला, अरे वा, ती मादी, म्हणून बरं. याचेच पराग तिकडे जातात. आसपास दुसरं झाड नाही, हे तोडलंत तर तिकडची लागलेली फळं पिकतील, पण पुढची धरायची नाहीत.
चहा न घेता गेला. मी दिलाच नव्हता.

३० सप्टेंबर
म्हणजे चांगलं रोप मी माझ्या हाताने त्यांना दिलं. आणि आता रोज सकाळी दोन बादल्या पाणी घालून त्यांच्या पपया पिकवतो आहे.
हे झाड उद्याच तोडणार. निर्णय पक्का.

१ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.३०
कोयता घेऊन अंगणात गेलो. भिंतीपलीकडे सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या, डोळे मिटून. डोळे किलकिले करून म्हणाल्या, धाकटे का? तुमच्या फुलांचा संध्याकाळी किती मंद वास येतो हो. मला म्हातारीला धड ऐकू येत नाही, धड दिसत नाही, पण वास कळतो. त्या वासासाठीच मी इथे येऊन बसते.
कोयत्याला धार नव्हती. परत आलो.

४ ऑक्टोबर
धारवाला गल्लीत ओरडत होता. मी झोपलो होतो. त्याचं ओरडणं झोपेत स्पष्ट ऐकू आलं, पण झोप ती झोप.

१० ऑक्टोबर
झाडाला पाणी घातलं. तोडायचंच आहे, पण तोवर सुकलेलं बरं दिसत नाही.
साडूभाऊंना नराबद्दल सगळं सांगून टाकलं. नर्सरीवाल्याकडून कळण्यापेक्षा बरं. ते म्हणाले, म्हणजे राव, आमच्याकडे जे आहे ते सगळं तुमचंच. असं बोलायला कुठे शिकतात कोण जाणे. वीज कंपनीत साहेब होते, तिथे शिकवत असतील.

१९ नोव्हेंबर
वाढदिवसाला बरोबर महिना. एक वाक्य तयार केलं आहे. साडूभाऊंच्या झाडाची पपई कापली, की उभं राहून शांतपणे म्हणायचं: ही पपई माझ्या झाडाशिवाय धरलीच नसती, म्हणजे माझं वचन पुरं झालं. रोज आरशासमोर तीनदा. सासूबाईंसाठी मोठ्या आवाजात.

१९ डिसेंबर
वाढदिवस पलीकडे. पपई केशरी, घमघमीत. साडूभाऊंनी पहिली फोड सासूबाईंच्या हातात दिली. मी घसा साफ करून उठलो.
माझ्या आधी साडूभाऊ उठले. म्हणाले, आई, हे रोप धाकट्यांनी दिलं, आणि त्यांचं झाड शेजारी नसतं तर एक फळ धरलं नसतं. धाकट्यांनी वचन पाळलं. ही पपई त्यांचीच.
माझं वाक्य! महिनाभर घोकलेलं! आणि माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं. हिच्या डोळ्यांत पाणी. साडूभाऊंकडे बघून.

सासूबाईंना ऐकू गेलं नव्हतं. हिच्या ताईंनी कानाशी तोंड नेऊन सांगितलं, आई, पपई धाकट्यांची आहे!
सासूबाईंनी हातातली अर्धी खाल्लेली फोड डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. म्हणाल्या, धाकट्यांची? मग गोड कशी?
सगळ्यांत जास्त वेळ ही हसली.
मग सासूबाईंनी बशी पुढे केली आणि म्हणाल्या, धाकटे, अजून एक द्या. मी दिली. त्यांनी आणखी चार खाल्ल्या. चारही माझ्या हातून.

२० डिसेंबर, सकाळी
कालच्या पपईच्या सतरा बिया जपून आणल्या. सावलीत वाळत घातल्या. या वेळी चूक नाही. जोमदार रोप साडूभाऊंना द्यायचं, मरतुकडं आपण ठेवायचं. कोणाजवळ बोलायचं नाही. हिच्याजवळ तर नाहीच.

संध्याकाळी ५
साडूभाऊंनी भिंतीवरून हाक मारली. म्हणाले, राव, यंदा मरतुकडं रोप तुम्ही ठेवा हो, जोमदार मला द्या. तुमच्याही अंगणात फळ दिसू दे.
माझ्याच मनातलं, अक्षर न् अक्षर. म्हणजे यात त्यांचा काहीतरी डाव असणार.
जोमदार मीच ठेवणार.