भुकेल्या विहिणीला लुगडं दाखवू नये

नाना, काल तुमच्या नातीचा बस्ता झाला. तुम्ही तिला पाहिलं नाहीत आणि तिनं तुम्हाला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय, म्हणून आधी सांगते: पोरगी उंच आहे, सावळी आहे, बंगलोरला नोकरी करते आणि रंग निवडताना तुमच्यासारखीच कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मुलगा धारचा. दोन्ही घरं पवारांच्या फौजेमागून इकडे आलेली, एक धारला थांबलं, एक देवासला, आणि इतक्या पिढ्यांनी आता दोघांची गाठ इंदूरच्या साडीच्या दुकानात पडायची होती. मी आदल्या दिवसापासून धास्तावलेली. लग्न ठरतं घरात आणि मोडतं बस्त्यात, हे वाक्य तुमचंच. लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची माणसं एका गादीवर बसली की कुणाचा मान कुठे दुखावेल याचा नेम नसतो, हे मी तुमच्या मागे मागे फिरून पाहिलेलं आहे.

आपल्या गल्लीत कुणाचंही लग्न ठरलं की पहिला निरोप तुम्हाला यायचा. लोकांना वाटायचं, हे सरकारी शाळेतले चित्रकलेचे मास्तर, रंग बघायला बरे. रंग तर तुम्ही बघायचातच, पण खरं काम निराळं होतं. तुम्ही माणसांना वेळेवर खायला घालायचात. इंदूरला बसमधून उतरलं की आधी पोहे-जिलबी, मग शीतलामाता बाजारातलं दुकान. भुकेल्या विहिणीला लुगडं दाखवू नये, असा तुमचा कायदाच होता. गादीवर आवाज जरा चढला, कुणी भावावरून नाक मुरडलं, की तुम्ही शांतपणे उठायचात, "चला, जरा पाय मोकळे करू," म्हणायचात आणि अख्खी वरात भुट्ट्याचा कीस खायला घेऊन जायचात. परत आल्यावर तेच लुगडं, तोच भाव, आणि त्याच विहीणबाई म्हणायच्या, काही वाईट नाही हो. मग बांगड्या. भांड्यांचा बाजार सगळ्यांत शेवटी, कारण भांड्याला भांडं लागतंच, ते पोट भरल्यावर लागलेलं बरं. आणि परतीच्या बसआधी कृष्णपुऱ्याच्या छत्रीपाशी पायऱ्यांवर सगळ्यांना बसवायचं, शेंगदाण्याची पुडी फिरवायची. लोक आजही मला फोन करून विचारतात, इंदूरला काय घ्यावं, कुठे खावं? मी दुकानं सांगते, पण खरी गोष्ट क्रमात आहे, ती फोनवर सांगता येत नाही. काय माणूस होतात हो तुम्ही!

मला तुमचा तो पहिला बस्ता आठवतो. म्हणजे माझ्या लेखी पहिला. मी हिंदी शाळेत, लहानच, आणि आई शेजारणीला सांगते आहे, हे उद्या बस्त्याला इंदूरला जाणार. मी खूश. आमच्या शाळेत बस्ता म्हणजे दप्तर! माझं फाटलेलं दप्तर नानांना दिसलं वाटतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर बसून वाट पाहते आहे. तुम्ही येता, बरोबर शेजारच्या ताईची माणसं, हातात गाठोडी, आणि मी एकेक गाठोडं उचकते तर साड्याच साड्या. असं भोकाड पसरलं मी की सगळी गल्ली जमली. सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. पुढच्या रविवारी मला एकटीला इंदूरला नेलंत, खजुरी बाजारातून खाकी रंगाचं, पितळी बकलाचं दप्तर घेतलंत आणि माझ्या खांद्याला अडकवून म्हणालात, "हा तुझा बस्ता, तो तिचा बस्ता. दोन्ही बरोबर."

त्याच दिवशी मी तुमची बोलणीही खाल्ली. तुम्ही मला सहज म्हणून त्या साडीच्या दुकानात नेलंत. दुकानदार गादीवरूनच ओरडला, "अरे मास्साब, आओ नी!" शेजारी टोंकखुर्दकडची एक बाई बसली होती, ती आपल्या माळवीत म्हणाली, "लाल लुगड़ो बताव." मी फिस्सकन हसले. लुगड़ो! तुम्ही माझा कान धरला नाहीत, पण आवाज असा काही खाली आणलात की कान धरलेला परवडला असता. "हसायला काय झालं? तिचा लुगड़ो, आपलं लुगडं. आपल्या कानाला नवं लागलं म्हणून समोरचं माणूस चुकत नाही. आधी ऐकायचं, मग दात काढायचे." मी रडवेली झाले. मग तुम्ही माझं मन रमवायला एकेक साडी उलगडायला लावलीत आणि रंगांची नावं सांगत गेलात: श्रीखंडी, डाळिंबी, अंजिरी, लिंबू, वांगी. मी म्हटलं, नाना, हे तर सगळं खायचंच आहे! दुकानदारासकट सगळे हसले. मी विचारलं, यातला माझा कुठला? तुम्ही माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवलात, चांगला वेळ घेतलात आणि म्हणालात, "आमसुली. सोनेरी काठाचा. तुझ्या बस्त्याला तोच घेऊ."

तर कालचं सांगते. पोरीनं फोनवर दुकानं काढून ठेवली होती, कुणाला किती तारे, कुठली थाळी, कुठलं कॅफे. मी म्हटलं, आधी पोहे. ती म्हणाली, "मम्मी, आपण शॉपिंगला चाललोय की खायला?" म्हटलं, दोन्हीला, तुझे नाना असंच करायचे. इंदूरच्या वेशीवर आलो तर रस्ता खोदलेला, गाड्या अडकलेल्या. पोहे तिथेच राहिले. धारच्या विहीणबाई दुकानात पोचल्याचा निरोप आला. आता ही पोरगी गेले कित्येक दिवस सासूशी शुद्ध मराठी बोलायचा सराव करतेय. त्यांच्या घरात अजून जुनं, घोटीव मराठी बोलतात, इंग्रजी शब्द आला की विहीणबाई भुवई उचलतात. म्हणून हिनं ट्रॅफिक हा शब्द टाळला आणि फोनवर गोड आवाजात निरोप भरून पाठवला: "आई, बस्त्याला यायचं म्हणजे फारच यातायात झाली हो आज! पण काय करणार, येतोच आहोत." मी तेव्हा गाडीवाल्याशी हुज्जत घालत होते, की मागच्या गल्लीतून काढ म्हणून. माझा कान तिकडे असता तर तिथेच पोरीच्या तोंडावर हात ठेवला असता.

दुकानात गेलो तर विहीणबाई भिंतीला टेकून ताठ बसलेल्या. समोर साड्यांचा ढीग, पण एकीचीही घडी मोडलेली नाही. "या," म्हणाल्या, "फार यातायात झाली ना तुम्हाला?" आणि आमची शहाणी म्हणते, "हो ना आई, खूपच!" नाना, त्या बाईंचा चेहरा असा उतरला! "मग घेऊन टाका काय ते लवकर. माझं काही म्हणणं नाही. ज्यांना यातायात वाटते त्यांच्यावर लादायचं कशाला? आम्ही धारलाच उरकलं असतं." पोरगी गांगरून माझ्याकडे बघायला लागली. मला कळेना काय झालं, पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. नाकावर राग, आणि तोही तयार शब्दांसकट. उरकायचं होतंत मग धारलाच, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते बाहेर पडलं असतं तर आज हे पत्र निराळं असतं. पोरीचा त्या मुलावर जीव आहे, नाना. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, गिळलं ते वाक्य, आणि दुसरंच विचारलं, "विहीणबाई, सकाळपासून काय खाल्लंत?" त्या म्हणाल्या, "चहा." धारहून उजाडताच निघालेलं माणूस, आणि नुसता चहा! मी उभी राहिले. दुकानदाराला म्हटलं, "भिया, ये सब ऐसा का ऐसा रेने दो, हम आते हैं अभी." तो तुमच्या दुकानदाराचा नातू. हसला आणि म्हणाला, "जाओ आंटी, पेले खा आओ, साड़ी बाद में."

विहीणबाई पदर सावरत मागून आल्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलात खिडकीपाशी बसलो. पोहे आले, वर शेव, जिरावनाचा मसाला, मग कीस आला वाफाळता. त्यांनी दोन घास घेतले, जरा पाठ सैल झाली. तेवढ्यात बाहेर पोलिसांची क्रेन आली आणि एक स्कूटर उचलायला लागली. गाडीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, यातायात पुलिस. पोरगी म्हणाली, "बघा आई, यातायातवाले आले! सकाळी कुठे होते कोण जाणे, आम्ही नाक्यावर किती वेळ अडकून पडलो होतो." विहीणबाईंचा चमचा हवेतच राहिला. "अगं, म्हणजे तू सकाळी ट्रॅफिक म्हणत होतीस?" "हो ना. मला वाटलं तुम्हाला इंग्लिश आवडत नाही, म्हणून शुद्ध मराठी..." "अगं माझे बाई! यातायात म्हणजे मराठीत कटकट, दगदग! मला वाटलं आमच्या घरचा बस्ताच तुला जड झालाय!" आणि ज्या हसायला लागल्या, ठसका लागला, मी पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. पोरीच्या डोळ्यांत पाणी. तिला जवळ ओढून म्हणाल्या, "तू मराठीत बोललीस म्हणून मी मराठीत ऐकलं गं. जन्म माळव्यात गेला आणि ऐन वेळी हिंदी विसरले मी!" मी म्हटलं, दोन्ही बरोबर. आणि मग तुमची गोष्ट सांगितली, दप्तराची, लुगड़ोची, सगळी. तुमचं कौतुक करताना मला थांबता येत नाही हे तिथे सगळ्यांना कळलं.

परत गादीवर बसलो तेव्हा हातांत हात अडकवून दोघी साड्या बघत होत्या, मीच परकी. पोरीनं डाळिंबी शालू घेतला, तिच्या भाषेत मरून कलर. आणि मग विहीणबाईंनी अगदी सहज विचारलं, "तुमच्या नानांनी तुमच्या बस्त्याला काय घेतलं होतं हो?" नाना, तुम्ही गल्लीतल्या सगळ्या पोरींचे बस्ते केलेत आणि माझ्या लग्नाच्या आधीच्या थंडीत गेलात. माझा बस्ता काकांनी उरकला. कुणी बसलं नाही, कुणी काही खाल्लं नाही, कुठला तरी गुलाबी रंग माझ्या पदरात पडला, आणि परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काल तरी कुठे सांगितलं? मी म्हटलं, "आमसुली. सोनेरी काठाची." अडखळलेसुद्धा नाही.

विहीणबाई लगेच दुकानदाराकडे वळल्या, "आमसुली काढा." त्याला कळेना. पोरगी म्हणाली, "भैया, वाइन कलर." त्यानं उलगडली. विहीणबाईंनी ती माझ्या खांद्यावर टाकली, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "मुलीच्या आईची साडी आमच्याकडून असते. हीच घ्या. नानांनी घेतलेली एव्हाना विरली असेल." मी नको म्हणायला हवं होतं. निदान खरं तरी सांगायला हवं होतं. मी पदर पुढे केला आणि घेतली.

खोटं बोलले मी, नाना, तेही तुमच्या नावावर. पण साडी परत करणार नाही आणि विहीणबाईंना कधी सांगणारही नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं असतं ते मला माहीत नाही, त्या साडीच्या घडीतच ठेवते. आज सकाळी घरात कुणी नसताना आरशासमोर उभी राहून ती खांद्यावर घेऊन पाहिली. रंग तुम्ही बरोबर सांगितला होतात.