मंगळवारची चाल

३ डिसेंबर, मंगळवार
बांगडे कापता कापता चाल सुचली! राग जोग. दोन्ही गंधार असे चपखल बसले की मीच स्वतःला वाहवा दिली. तेवढ्यात मांजराने एक बांगडा पळवला. नेऊ दे.

५ डिसेंबर
शंकरबुवा आला. ह्यांचा शिष्य. रविवारी देवळात डबलबारी — समोरासमोर दोन भजनीबुवा, शेवटी ज्याचा गजर रंगला त्याची बाजी. गजराला चाल मागायला स्वारी माझ्या स्वयंपाकघरात! लग्न झाल्यापासून हेच चाललंय. चाली मी करायच्या, गावाने सहदेवबुवांच्या म्हणायच्या. हे गप्प बसून नमस्कार घ्यायचे.

म्हटलं, "माइकवर माझा नाव घेतलंस तर देतंय."

"लोक हसतले गो काकी! बाईमाणसाची चाल म्हणतले."

तरी दिली. चाल पोटात ठेवली की माझंच पोट दुखतं. पण राग आला. फार आला.

६ डिसेंबर
निकेतबुवा आला, शिरोड्याहून. मागच्या दाराने! शंकरच्या समोर हाच बसणार. "काकी, कोणाक सांगू नको हां." माझं नाव घेशील का विचारलं, तर घाईने वही-पेन काढून बसला.

त्यालाही तीच चाल दिली.

७ डिसेंबर
पाप लागेल का? लागू दे.

९ डिसेंबर
काय रंगली कालची बारी! शंकरने गजर धरला, लोक डोलले. मग निकेतने धरला — तीच चाल! शंकर ताडकन उठला. "चोर! माझ्या गुरूची चाल ती!"

"तुझ्या गुरूची? माझ्या आज्याची!"

झांजा थांबल्या. शेवटी कमिटीचे गणपत परब माइकवर. "भांडा नको. ही चाल आमच्या सहदेवबुवांची. हात जोडा." दोघांनी मुकाट जोडले. वर टाळ्या!

माझं डोकंच फिरलं. पदर खोचून गेले, माइक ओढला. "बुवा जावन एकवीस वर्षां झाली! चाल मी गेल्या मंगळवारी केलंय. बांगडे कापताना!"

देवळात बांगडे! लोक खदाखदा हसले. शंकर म्हणालाच होता. पण मग कुणीतरी शिट्टी मारली आणि टाळ्या थांबेचनात. गणपतनी माझं नाव घेतलं — आनंदीबाई. दोनदा. मला रडू आलं.

१५ डिसेंबर
कमिटी येऊन गेली. पुढच्या जत्रेत एक बारी माझी — गायचंही मीच! हो म्हणून बसले. आजवर चुलीपाशी गुणगुणले फक्त. दार लावून घेतलं, जन्मात पहिल्यांदा मोकळा सूर लावला. शेजारची सुभद्रा धावत आली. "काकी, काय झाला? पडलंस?"

"नाय गो. गातंय."