डाव्या बुटाची कुरकुर

प्रिय खुडबुड्या,

बसला आहेस ना? नसलास तर आधी बूड टेक, मग पुढे वाच.

आमच्या थिएटरला चाळीस वर्षं झाली म्हणून मॅनेजरांनी टूम काढली. लोकांनी आपला सर्वांत आवडता सिनेमा आणि तो का आवडतो, हे चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. जिंकलेला सिनेमा रविवारी दुपारी फुकट. पेटी माझ्या तिकीटखिडकीशेजारी, म्हणून चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याच गळ्यात. अरे, काय एकेक कारणं! एका नर्सबाईंना रडका सिनेमा आवडतो, कारण तिथे रडलं तर कोणी काही विचारत नाही. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला मारधाडीचा, कारण त्याच्या मध्यंतरात बायकोने लग्नाला होकार दिला. पुढचा अर्धा सिनेमा त्याने अजून पाहिलेला नाही! मी खिडकीत एकटीच खिदळत होते.

आणि मग तुझा सिनेमा निघाला. तोच तो पोस्टमनचा, चार दिवसांत उतरलेला, ज्याला तू स्टुडिओत चालून चालून पावलांचे आवाज दिलेस. एक चिठ्ठी, मग दुसरी, मोजल्या तर तेवीस! मी उडी मारायचीच बाकी होती. पण अक्षर सगळीकडे एकच, आणि चिठ्ठ्यांना बुटांचे तळ चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. तो वास आपल्याला कोणी ओळखायला शिकवायला नको.

होय, बाबा. तुझं नाव काढलं की उठून दुकानात जाणारे आपले बाबा. बूट शिवायचे सोडून बुटांचे आवाज काढायला निघालास म्हणून सहा वर्षं अबोला धरलाय त्यांनी, आणि गुपचूप पेटी भरत होते! बावीस चिठ्ठ्यांवर कारणाची जागा कोरी. तेविसाव्या चिठ्ठीवर लिहिलंय, "पोस्टमन चालताना डावा बूट कुरकुरतो. तो जोड मी शिवलाय. घाईत तळातला बुचाचा थर नीट चिकटवला नव्हता, म्हणून. आतला पाय माझ्या मुलाचा आहे."

घर सोडलंस तेव्हा तोच जोड तुझ्या पायात होता, हे मला आठवलं आणि रांगेसमोर ढसाढसा रडू आलं. एका आजोबांना दोनऐवजी चार तिकिटं दिली. नियमाने माणशी एकच चिठ्ठी, म्हणजे बावीस फाडायला हव्या होत्या. मॅनेजरांना कळलं तर माझी धडगत नाही, पण रविवारी तुझा सिनेमा लागतोय.

हे फोनवरही सांगितलं असतं. पण काल जेवताना बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "त्याचं माप बदललं असेल. उभ्याने काम करणाऱ्याचे पाय पसरतात." नव्या जोडाचं कातडं काढून ठेवलंय त्यांनी. सोबतचा कोरा कागदही त्यांनीच दिलाय, त्यावर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवायची आणि पोस्टाने परत पाठवायचा. तू तसलं काही करू नकोस. रविवारी ये, आणि कागद कोराच घेऊन ये. माप त्यांच्या हातांनी घेऊ दे.

तुझीच,
चिठ्ठ्या न फाडणारी ताई