बासी ईदला आलेलं पाणी

अब्बा, ईदच्या दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, मी वाहतं पाणी पाहिलं. लग्न होऊन इथे आले त्यानंतर पहिल्यांदाच. दुबईत नदी नाही हे तुम्हाला माझं लग्न ठरतानाच कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही दुकानात कापडावर खडूची रेघ ओढत होता, ती अर्ध्यावर थांबवून तुम्ही विचारलं होतं, ‘मग लोक संध्याकाळचे बसतात कुठे?’ त्याचं उत्तर आज मी देऊ शकते. लोक घरात बसतात. बर दुबईला खाडी आहे, तिच्यात अब्रा नावाच्या लाकडी होड्या ये-जा करतात, पण ते समुद्राचं पाणी, भरतं आणि ओसरतं, कुठून कुठे जात नाही. आमच्या हॉलची खिडकी समोरच्या बिल्डिंगच्या एसींकडे उघडते, म्हणजे उघडत नाहीच, कारण उघडली की गरम हवा आत येते. हे सकाळी अंधारातच शारजाच्या पलीकडे हमरिया फ्री झोनला कामावर निघतात आणि दमून परत येतात. वाईट माणूस नाही, अब्बा, तुम्ही बघून दिलेला. फक्त काहीही विचारलं की ‘बघू’ म्हणतात. ड्रायव्हिंग शिकू का? बघू. ऊद मेथाच्या एका शाळेत टीचरची जागा निघालीय, अर्ज करू का? बघू. ‘नाही’ म्हणाले असते तर भांडता आलं असतं. ‘बघू’शी कुणी कसं भांडायचं?

शिमगा होऊन गेला की आपली नदी खाली बसायची, आठवतं? पावसाळ्यात नदी सगळ्या गावाला दिसते, पण शिमग्यानंतरची नदी फक्त बघणाऱ्यालाच दिसते, असं तुम्ही म्हणायचात. जुम्म्याला नमाजनंतर दुकान बंद ठेवून तुम्ही मला मासे गरवायला न्यायचात. तुमची गरी बाजारातली नसायची. लाल कोंबड्याच्या मानेचं पीस, शिलाईचा रेशमी दोरा, आणि मशीनवर वाकून वाकून बारीक झालेली तुमची नजर. लहानशा आकड्यावर तुम्ही अशी माशी बांधायचात की मलाही ती उडेल असं वाटायचं. वरचा खळाळ जिथे संपतो आणि डोह सुरू होतो, तिथे आपण वाकून उभे आहोत. पाणी इतकं नितळ की तळातला खडा न् खडा दिसतोय. ‘सूर्य पाठीशी घेऊ नकोस,’ तुम्ही कुजबुजता, ‘सावली पाण्यात पडते.’ आधी गरी न लावता नुसतं पीस टाकायला शिकवलंत तुम्ही मला. ते पाण्याला टेकलं पाहिजे, पडता कामा नये. आणि एकदा, वर घाटात अवकाळी ढग दिसले तेव्हा, माझी बकोटी धरून तुम्ही बजावलं होतंत, ‘काठाला काडीकचरा तरंगायला लागला की सामान टाकायचं आणि वर चढायचं. कुणाला विचारत बसायचं नाही.’

मग एका वर्षी शिमगा झाला, जुम्मा आला, मी चपला घालून दारात उभी राहिले. ‘पोरगी आता मोठी झाली,’ असं काहीतरी दादी आतून म्हणाली होती, ते मी ऐकलं होतं. तुम्ही काठी उचललीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘आता नको.’ एवढंच. त्यानंतर तुम्ही मला दुकानात बसवून काज-बटणाचं काम दिलंत. माझे टाके बारीक आहेत असं गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचात. मी मान खाली घालून टाके घालायचे आणि तुम्ही परत येईपर्यंत तुमच्यावर चिडलेली असायचे. तुम्ही आलात की तुमच्या पायजम्याच्या ओल्या काठाकडे बघायचे. ‘आता नको’ म्हणजे मग कधी, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला होता, त्यामुळे मातीलाही येता आलं नाही.

बासी ईदला बिर्याणी बांधून आम्ही फुजैराच्या बाजूच्या डोंगरात गेलो. तिथे डोंगरातल्या कोरड्या ओढ्याला वादी म्हणतात. यंदा थंडीत चांगला पाऊस झाला म्हणून तिच्यात पाणी होतं. यांचा इंग्रज मॅनेजर कायमचा मायदेशी जाताना त्याची मासे धरायची लांब काठी यांना देऊन गेला होता. ती वॉशिंग मशीनच्या मागे पडून होती. आमच्या मुलीनं ती गाडीत टाकली. मुलगी सोळाची आहे, अब्बा. आपण मराठीत बोलतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. पाणी बघून ती ओरडली, ‘मम्मा, इट्स ॲक्च्युअली फ्लोइंग!’ वाहतं पाणी तिनं फक्त पडद्यावर पाहिलेलं. मी काठापासून मागे सरकून वाकले, गाडीतल्या उशीतून निघालेलं एक पीस दोऱ्याच्या टोकाला बांधलं, गरी न लावता, आणि तिच्या मनगटाला धरून टाकायला शिकवलं. आठ-दहा वेळा ते पडलं. मग टेकलं. बोटभर लांबीचे मासे वर आले, पिसाला तोंड लावून गेले. हे मागे गाडीजवळ चटईवर बसून आमचे फोटो काढत होते. गाडी वादीच्याच पात्रात, खडीवर उभी होती.

आणि मग ते मासे एकदम निघून गेले. मी पाण्याकडे बघितलं. पाणी वाढलेलं वाटत नव्हतं, रंगही फारसा बदलला नव्हता, पण काठाकाठानं वाळलं गवत आणि बकरीच्या लेंड्या तरंगत येत होत्या. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. लांब डोंगराच्या मागे मात्र काळं झालं होतं.

‘अहो, उठा,’ मी म्हटलं. ‘वर चढायचं. पाणी येतंय.’

यांनी आभाळाकडे बघितलं. ‘एवढं ऊन पडलंय, अगं. आधी खाऊन घेऊ. मग बघू.’

काय झालं मला कळलं नाही, पण मी किंचाळले. ‘बघू नाही! उठा म्हणते ना!’ इतक्या वर्षांत यांच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. मुलीच्या हातातली काठी गळून पडली. तिला पुढे ढकलत मी दगडावरून वर चढायला लागले. हे उठले, पण गाडीकडे वळले. ‘गाडी तरी काढू दे!’ मी मागे फिरून यांची बाही धरली आणि ओढली. ईदचा नवा कुर्ता खांद्याच्या शिवणीत टर्रकन फाटला. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग माझ्या मागोमाग चढले.

खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज आला आणि वरच्या वळणातून तपकिरी पाणी आलं. बिर्याणीचं पातेलं गेलं, चटई गेली. गाडी आधी नुसती वळली, जणू कुणी रिव्हर्स घेतंय, मग कलली आणि खालच्या दगडांवर जाऊन अडकली. आम्ही खडकाच्या एका फळीवर उभे, मागे सरळ कडा, पुढे पाणी. पलीकडच्या खजुराच्या बागेतून एक म्हातारा अरब धावत आला आणि दोन्ही हात खाली दाबत ओरडायला लागला, ‘बैठो! बैठो! पानी जायेगा, इन्शाल्ला!’ त्याला आमच्यापर्यंत येता येणार नव्हतं, पण तो गेलाही नाही. तिथेच एका उलट्या बादलीवर बसून राहिला.

आम्हीही बसलो. फोनला रेंज नव्हती. यांनी फाटलेली बाही खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाले, ‘तुला कसं कळलं?’

मी सांगायला लागले. नदी, पिसं, रेशमी दोरा, सावली, सगळं. लग्नानंतर यांनी मला कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. हे ऐकत होते. उठून जायला जागाच नव्हती.

‘मग पुढे?’

‘पुढे बंद केलं अब्बांनी.’

‘का?’

‘सांगितलं नाही.’

‘दॅट्स सो अनफेअर,’ मुलगी म्हणाली आणि तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. मी तुमची बाजू घ्यायला तोंड उघडलं, अब्बा, आणि घेतली नाही.

दुपार उतरल्यावर, अस्रच्या नमाजनंतर, म्हाताऱ्यानं आणि त्याच्या बागेतल्या कामगारानं दोर टाकून आम्हाला पलीकडे घेतलं, खजूर खायला दिले, आणि यांना अरबी-हिंदीत भरपूर झापलं. पोलीस आले, गाडी क्रेननं उचलून नेली. पुढच्या आठवड्यात पाहुणे आले तेव्हा हे सांगत होते, ‘पाण्याचा रंग बघितला आणि म्हटलं, चला, यल्ला, वर!’ मुलगी म्हणाली, ‘नो पप्पा, दॅट वॉज मम्मा.’ सगळे हसले, हेही हसले. मी चहा आणायला आत गेले. त्या रात्री ड्रायव्हिंगचं पुन्हा विचारलं. यांनी हातातला फोन खाली ठेवला. वाटलं, या वेळी वेगळं काही म्हणतील. ‘नवी गाडी येऊ दे,’ म्हणाले, ‘मग बघू.’ खिडकी बंद आहे, समोरचे एसी चालू आहेत, आणि मी हे लिहितेय.

एक गोष्ट यांना सांगितलेली नाही, मुलीलाही नाही. पत्र पाठवायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. पाणी उतरायला लागलं, खालचे दगड एकेक करून उघडे पडायला लागले, तेव्हा मुलगी टाळ्या वाजवत होती, हे हात उचलून अल्लाचे आभार मानत होते. मीही हात उचलले होते. पण मी मागत होते ते एवढंच, की पाणी अजून थोडा वेळ राहू दे.