फरहतच्या कानांची तजवीज

मी, यूसुफ इस्माईल साखरकर, वय वर्षे त्रेसष्ट, मूळ गाव मौजे कर्ला, तालुका व जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम रिग्गई, कुवेत, माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डावा कान कामातून गेला आहे आणि उजवा अर्धवेळ नोकरीवर आहे, पण बहिरेपण म्हणजे वेडेपण नव्हे, हे वकिलांनी व नातेवाईकांनी ध्यानात घ्यावं. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. आणला असता तरी तो मला ऐकू आला नसता.

कलम एक. कर्ल्याचं घर, बँकेतली ठेव आणि नोकरी संपल्यावर जे हाती येईल ते, हे सर्व माझी पत्नी सफिया आणि एकुलता एक मुलगा सर्फराज यांना शरियतीप्रमाणे जाईल. त्यांचे हिस्से ठरलेले आहेत, त्यात मी लुडबुड करत नाही.

“मग मृत्युपत्र लिहितोस कशाला?” असं मजीदने विचारलं. मजीद होडेकर माझा गाववाला, आमच्याच इमारतीखाली बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान चालवतो. अरे बाबा, ज्यांचा हिस्सा ठरला आहे त्यांना मृत्युपत्राने जादा देता येत नाही. ज्यांचा नाही, त्यांच्यासाठीच तर एक तृतीयांश मोकळा ठेवलेला असतो. सुनेला सासऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा नसतो. आणि माझी सून फरहत आहे. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

कलम दोन. कर्ल्याच्या घराची मागची खोली भाड्याने देऊ नये. देणारच असाल तर माझ्या चुलतभावाला देऊ नये. सर्फराजच्या लग्नात तो मांडवात चार लोकांना म्हणाला, “त्या बहिऱ्याला काय विचारता?” तो माझ्या उजव्या बाजूला उभा होता, त्यामुळे मला स्वच्छ ऐकू आलं. त्याला मी माफ करतो, पण खोली नाही.

कलम तीन. सर्फराजला माझं घड्याळ आणि काश्मिरी शाल द्यावी. पोरगा गुणी आहे. न्यूझीलंडमध्ये दुधाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, रोज फोन करतो, आईचं गुडघेदुखीचं औषध लक्षात ठेवतो. फक्त बकरी ईदला कुर्बानीच्या वेळी आजही घरात जाऊन बसतो. अशा माणसाला अल्लाने बायको दिली ती शिकारीण! त्याच्या मर्जीपुढे आपण काय बोलणार?

कलम चार. माझी हत्यारं, म्हणजे बंदुकीची नळी साफ करायच्या पितळी सळ्या, ब्रश, तेलाच्या बाटल्या आणि लाकडी पेटी, फरहतला द्यावीत. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढचं कलम त्यावर उभं आहे.

मी या देशात आलो तेव्हापासून अबू फहद यांच्या शिकारी सामानाच्या दुकानात आहे. बंदुका मालकाच्या, परवाना मालकाचा, सफाई माझी. थंडीत गिऱ्हाईकं ‘बर’मध्ये, म्हणजे वाळवंटात तंबू ठोकायची आणि बंदूक अडली तर दुरुस्तीला मी सोबत लागायचो. नेम धरणाऱ्याच्या उजव्या हाताला उभं राहायचं, त्यामुळे बार माझ्या डाव्या कानाशी. कानाला आम्ही काय लावायचो? अत्तराचा फाया! जुम्म्याला ठेवतो तसाच कापूस, उदाच्या अत्तरात भिजवलेला. मी ठेवायचो, दुकानातला केरळचा कासीम ठेवायचा, आणि दोघांना वाटायचं, झाला बंदोबस्त. कान बहिरा होत गेला, पण वास काय सुंदर यायचा म्हणून सांगू.

आधी शीळ सुरू झाली. बारीक, अखंड, कुकर गॅसवर राहिल्यासारखी. मी सफियाला सांगायचो, “गॅस बंद कर.” ती म्हणायची, “चूल कवाची बंद हाय.” डॉक्टर म्हणाला, आधी बारीक आवाज जातात, चिमण्यांचे, पोरांचे. मी हसण्यावारी नेलं. आता नात आहे, इक्रा, चार वर्षांची. व्हिडिओवर तोंड उघडते, हसते, काहीतरी सांगते. कानाचं यंत्र लावलं की फ्रीजची घरघर ऐकू येते, पण माझ्या इक्राचा आवाज येत नाही. ‘दादा’ हा शब्द मी तिच्या ओठांवरून ओळखतो. याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते कागदावर असू द्या.

कलम पाच. माझ्या एक तृतीयांशातून फरहतला एक रायफल घेऊन द्यावी.

कारण असं. फरहत गुहागरकडची. तिच्या वडिलांकडे रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती, तिथे तिचा हात बसला. आता न्यूझीलंडमध्ये डोंगरावर नवी झाडं लावतात, ती खाणाऱ्या रानबकऱ्या आणि हरणं मारायचं काम ती कंत्राटावर करते. परवाना आहे, कायदा आहे, चोरीछुपे काही नाही. सफियाला हे कधीच रुचलं नाही. “सुनेच्या हातात बांगड्या शोभतात,” असं ती आल्यागेल्याला सांगते. गेल्या ऑक्टोबरात फरहत फोनवर सहज बोलून गेली, “अब्बा, हल्ली माझ्या कानात शीळ वाजते.” त्याच रात्री मी हे मृत्युपत्र लिहायला घेतलं.

तिची रायफल जुनी, दुसऱ्या हाताची. नळीच्या तोंडाला आटे नाहीत, त्यामुळे सायलेन्सर बसत नाही. आटे पाडून घ्यावेत तर नळी एवढी बारीक की पाडायला लोखंडच शिल्लक नाही. म्हणून नवी घ्यायची ती पुढील अटींवर. नळीला कारखान्यातूनच आटे पाडलेले असावेत. नळी आखूड असावी, कारण पुढे सायलेन्सर चढला की लांबी वाढते आणि झाडीत अडकते. लाकडी नक्षीचा दस्ता नको, साधा प्लास्टिकचा चालेल. नक्षीचे पैसे चांगल्या सायलेन्सरमध्ये घालावेत. आणि सायलेन्सर म्हणजे सिनेमातला फुस्स आवाज नव्हे. बार बारच असतो, फक्त कानाचा पडदा फाडत नाही. त्यामुळे वरून मफ, म्हणजे कान झाकणाऱ्या वाट्या, घालायचेच. ही अट मोडल्यास मी कबरीतून ओरडेन.

राहिलं कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप. माझं मत तीनशे आठ. खेड्यातल्या दुकानातही त्याची काडतुसं मिळतात आणि स्वस्त मिळतात. राजन देवरे म्हणतो सहा-पाच. राजन नाशिकचा, अहमदीला तेल कंपनीत इंजिनिअर, बंदूक त्याने फक्त माझ्या दुकानातल्या काचेतून पाहिली आहे, पण इंटरनेटवरून तक्ते काढून आणतो. “यूसुफभाई, धक्का कमी, गोळी सरळ. आकडे बघा ना!” मी म्हटलं, आकड्यांना खांदा नसतो. यावर आमचे दोन शुक्रवार गेले आणि मजीदच्या दुकानातला चहा संपला. शेवटी मी तीनशे आठ लिहिलं. मृत्युपत्र माझं आहे. राजनला हवं तर त्याने स्वतःचं लिहावं.

कलम सहा. वरील कलम पाच याद्वारे रद्द करत आहे. मजकूर खोडलेला नाही, कारण तो लिहायला मला फार मेहनत पडली. समासात सही केली आहे.

रद्द का केलं, तेही लिहितो. मला हळू आवाजात वाचता येत नाही. मी कलम पाच पुन्हा वाचून बघत होतो ते अख्ख्या मजल्याने ऐकलं असणार. सफिया मासे साफ करत होती. सुरी हातात तशीच घेऊन बाहेर आली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. म्हणाली, “म्हंजे तुमी मरंपर्यंत तिनं कान फोडून घ्यायचे?”

मी म्हटलं, “सुनेला हिस्सा नसतो, म्हणून मृत्युपत्रात...”

“हिस्सा मेल्यावर. जित्या माणसाचा द्यायचा हात कोणी धरलाय? तुमचा एक कान मी उभ्या जन्माची वरडून वरडून भरतेय, माझा गळा गेला. आता माझ्या लेकाच्या बायकोचा कान पण जाऊ दे? मग ती पोर कोणाला हाक मारील?”

मी स्वतःच्या शहाणपणावर एवढा खूश होतो की साधी गोष्ट सुचली नाही. मी धडधाकट आहे, तिसरा मजला चढून येतो, अजून दहा वर्षं जगायचा बेत आहे, आणि तिच्या कानातली शीळ आज वाजते आहे. हयातीत दिलेली भेट, म्हणजे हिबा, ती कोणालाही देता येते. हे मी मजीदला शिकवलं होतं. सफियाने त्याच दिवशी फरहतला स्वतः फोन लावला. गेल्या कित्येक वर्षांत त्या दोघी गुडघ्याशिवाय दुसऱ्या विषयावर पहिल्यांदा बोलल्या.

मी पैसे पाठवले आणि रायफल घेतली गेली आहे. आटे पाडलेली, आखूड, काळी, दिसायला अगदी ओबडधोबड. कॅलिबर ना तीनशे आठ, ना सहा-पाच. फरहतने दोनशे त्रेचाळीस घेतलं. म्हणाली, “अब्बा, तुम्ही काडतुसांचा विचार केलात, राजनकाकांनी आकड्यांचा. मी माझ्या खांद्याचा केला.” राजन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जणू मीच तिला फितवली.

कानातली शीळ गेलेली नाही, पण वाढलेलीही नाही, असं ती सांगते. सफिया दर फोनला विचारते, “कानाला टोपडं घातलंस ना गं?” ती मफला टोपडं म्हणते. मी दुरुस्त करत नाही.

कलम सात. आता फरहतला द्यायला माझ्या पेटीखेरीज काय उरलं, याचा विचार केला. उदाच्या अत्तराची बाटली उरली, अबू फहद यांनी पहिल्या ईदला दिलेली. अर्धी माझ्या कानात गेली. उरलेली अर्धी मी फरहतला देतो. बेटा, ती मनगटाला लाव, ओढणीला लाव, इक्राच्या केसांना लाव. कानात ठेवू नकोस. आणि इक्रा हाक मारेल तेव्हा एकदा माझ्या वाटणीचंही ऐक.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर दोन साक्षीदारांसमोर सही केली आहे. माझ्या बताक्याची, म्हणजे इथल्या ओळखपत्राची, प्रत सोबत जोडली आहे.

सही: यूसुफ इस्माईल साखरकर

साक्षीदार एक: मजीद दाऊद होडेकर, रिग्गई
साक्षीदार दोन: राजन वसंत देवरे, अहमदी

ठिकाण: रिग्गई, कुवेत
दिनांक: १७ जानेवारी २०२५, शुक्रवार