ताईच्या कोंबड्यांची अंडी

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अंडी पोचली, एकही फुटलं नाही. पण आजपासून तू ती खाऊ नकोस.

बाजारातल्या अंड्यांत विषारी रसायनं किती, हे मोजायला शेजारी एक स्वच्छ अंडं लागतं. दोन वर्षं तो मान तुझ्या कोंबड्यांचा. प्रयोगशाळेत सगळे त्यांना माझ्या भाच्या म्हणतात. तुझं अंडं जे दाखवील ते आमचं शून्य. बाजारातली अंडी शून्याच्याही खाली जायची, तेव्हा आम्ही जुन्या यंत्राला शिव्या घालायचो. काल नवं यंत्र आलं आणि साहेबांनी शून्य न ठरवताच सहज तुझंच अंडं आधी लावलं. बाजारातल्या कुठल्याही अंड्यापेक्षा त्यात विष जास्त निघालं. बाटल्या धुऊन मी तीनदा तपासलं, तरी तेच.

अंगणात कुणी काही जाळलं, ओतलं का, ते आठव. रागावलीस तरी लिही.

तुझी,
धाकटी

दि. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी तुझाच राग आला. दाणा निवडून घालते मी. तुझ्या बाटल्याच घाण असतील, म्हटलं. बाबांना पत्र वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. वीज मंडळाच्या नोकरीत असताना त्यांनी जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल कॅन भरभरून आणलं होतं. वाळवी लागू नये म्हणून दरवर्षी खुराड्याला त्याचा हात देतात, उरलेलं धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडतात. वाळवी मात्र लागली नाही, असं म्हणाले आणि रडायला लागले. बाबांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

कोंबड्यांचं राहू दे. पोर सहा महिन्यांची आहे, अंगावर पिते. बाळंतपणापासून मी रोज दोन अंडी खाते, तूच सांगितलं होतंस म्हणून. काल तिला जवळ घेतलं आणि मन धजेना. ती रडत राहिली. शेजारच्या ड्रायव्हरबरोबर बर्फात ठेवून माझं दूध पाठवते आहे. खरं काय ते कळव, माझी समजूत काढू नकोस.

तुझीच,
ताई

दि. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

आधी हे वाच. बाळाला पाज. डॉक्टरीणबाईंना मी दोनदा विचारलं. दूध तोडलं तर नुकसान जास्त, अंडी बंद केल्यावर प्रमाण हळूहळू उतरेल, असं त्या म्हणाल्या. येत्या आठवड्यात त्या तुझ्याकडे येतील. विष त्या तेलातलंच आहे, त्याला कुणी हात लावू नका, आमची माणसं येऊन नेतील. बाबांना बोलू नकोस. कॅनवर काही लिहिलेलं नव्हतं, आणि न तपासता शून्य धरलं ते मी.

आता खरं. तुझ्या दुधात ते आहे. किती जास्त, हे सांगायला मला एक स्वच्छ दूध हवं होतं, म्हणून उशीर झाला. आमच्या टायपिस्टबाईंनी दिलं, साहेबांच्या सुनेनं दिलं, दवाखान्यातल्या नऊ जणींनी दिलं. तुझी अंडी त्यांच्यापैकी कुणी पाहिलेलीही नाहीत. त्यांच्यात तुझ्याहून बरंच कमी आहे. पण अकरा बाटल्यांत एकही स्वच्छ नाही, ताई. आता शून्य कुठून आणायचं, असं साहेबांनी विचारलं.

पत्र बाजूला ठेव आणि बाळाला घे. माझ्यावर माया राहू दे.

तुझी,
धाकटी